डॉकस्ट्रिंग 80 अक्षरांपेक्षा रुंद आहे, मग मी काय करू?

उबुंटू 24.04, त्यावर ईमॅक्स 29.3 हा टेक्स्ट एडिटर. एक पॅकेज अपडेट केलं आणि परत कामाला लागलो. दुसरी ओळ अर्धी टाइप होते न होते तोच खिडकी आडवी दुभंगली, खालच्या अर्ध्यात वॉर्निंग्जचा बफर येऊन बसला, आणि वर लिहीत होतो तो मजकूर भलतीकडे सरकला. कंट्रोल-एक्स 1 दाबून घालवला. परत आला. परत घालवला. परत!

ती ओळ जरा नीट बघा. आधी ते लाल चिन्ह. मग ‘वॉर्निंग’. मग कंसात ‘कॉम्प’, म्हणजे पॅकेजचा कोड मागच्या मागे मशिन-कोडमध्ये बदलणारा नेटिव्ह कंपायलर. मग फाइलचं नाव, ओळ क्रमांक, रकाना क्रमांक. मग पुन्हा एकदा ‘वॉर्निंग’. आणि एवढी दवंडी पिटून सांगायचं काय, तर डॉकस्ट्रिंग, म्हणजे कोडमध्ये फंक्शनसोबत लिहिलेली माहिती, 80 अक्षरांपेक्षा रुंद आहे. अरे, असू दे ना! ती डॉकस्ट्रिंग मी लिहिलेली नाही, ती फाइल माझी नाही, आणि दुरुस्त केली तरी पुढच्या अपडेटला माझी दुरुस्ती पुसली जाणार. ईमॅक्स 28 मध्ये तर त्यातल्या कितीतरी लांबलचक डॉकस्ट्रिंग कोणा माणसानेही लिहिलेल्या नसायच्या, सीएल-डेफस्ट्रक्ट या मॅक्रोने (कोड लिहून देणाऱ्या कोडने) स्वतःच जुळवलेल्या असायच्या. कंपायलरच्या घरातल्या मॅक्रोने लिहायचं, कंपायलरने नावं ठेवायची, आणि ऐकून घ्यायचं आपण.

बरं, एकदाच काय ते सगळं दाखवून मोकळं व्हावं, तर तेही नाही. दर फाइलमागे एक वेगळी ईमॅक्स प्रोसेस मागे चालते. एका वेळी किती, तर सेटिंगमधला आकडा 0 असला की कोअरच्या निम्म्या, म्हणजे आठ कोअरच्या मशिनवर चार. प्रत्येक प्रोसेस संपताना आपापला कचरा आपल्या दारात ओतून जाते. पॅकेजमध्ये तीस फाइली असतील तर बफर किती वेळा उघडेल ते मोजत बसा. शिवाय पॅकेज बसवताना बाइट-कंपाइल (ईमॅक्सच्या आपल्या मधल्या कोडमध्ये रूपांतर) होतं तेव्हा याच वॉर्निंगा कंपाइल-लॉगमध्ये येऊन गेलेल्या असतात. नेटिव्ह कंपायलर तीच फाइल पुन्हा मुळापासून वाचतो आणि तेच पाढे पुन्हा म्हणतो.

नेटिव्ह कंपाइलबद्दल तक्रार नाही. आंद्रेआ कोराल्लो यांचं ते काम एप्रिल 2022 मध्ये 28.1 सोबत आलं आणि ईमॅक्स खरंच पळायला लागला. डोक्यात जातं ते हे, की वॉर्निंग लेखकाला दाखवायची सोडून वापरणाऱ्याच्या तोंडावर फेकायची, आणि तीही न सांगता-सवरता, हातातलं काम अडवून.

आणि त्याहून डोक्यात जातात ते उपाय सांगणारे. ‘वॉर्निंग-मिनिमम-लेव्हल एरर करून टाका, कटकट गेली.’ कटकट गेली, आणि तिच्यासोबत बाकी सगळ्या वॉर्निंगाही डोळ्यांआड गेल्या. पॅकेजचा ताळमेळ बिघडला आहे, सेटिंगचं नाव बदललं आहे, यातलं काही आता समोर येणार नाही. दुसरे म्हणतात, ‘रिपोर्ट-वॉर्निंग्ज-एरर्स निल करा.’ मॅकवर असं निल करून बसलेले कितीतरी जण असतील. तिथे फाइंडरमधून ईमॅक्स उघडला की लायब्ररी-पाथ मिळत नाही, मशिन-कोड बनवणारं लिबजीसीसीजिट ‘एरर इन्व्होकिंग जीसीसी ड्रायव्हर’ म्हणून आपटतं, एकही ईएलएन (नेटिव्ह कंपाइल झालेली) फाइल तयार होत नाही. दर वेळी तीच फाइल, तोच प्रयत्न, तेच आपटणं. पंखा घरघरतोय, बॅटरी उतरतेय, आणि सांगणाऱ्याचं तोंड तुम्हीच बांधून ठेवलंय. एसिंक-नेटिव्ह-कंपाइल-लॉग नावाच्या बफरात सगळं लिहिलेलं असतं, पण तो उघडून बघतो कोण?

29 पर्यंत उपाय एकच: नेटिव्ह-कॉम्प-एसिंक-रिपोर्ट-वॉर्निंग्ज-एरर्स या व्हेरिएबलला ‘सायलेंट’ द्या. निल नव्हे, सायलेंट. वॉर्निंग बफरात जमा होते, खिडकी जागची हलत नाही. सायलेंटच्या आधी अवतरणचिन्ह टाकायला विसरू नका, नाहीतर ईमॅक्स ते व्हेरिएबल समजून ‘व्हॉइड’ म्हणत चालू होतानाच अडेल. ओळ अर्ली-इनिटमध्ये (सगळ्यात आधी वाचल्या जाणाऱ्या सेटिंग फाइलमध्ये) टाका, कारण पॅकेजं इनिट फाइलच्या आधीच जागी झालेली असतात.

30 मध्ये (फेब्रुवारी 2025) शेवटी कोणीतरी ऐकलं. कुठल्या प्रकारच्या वॉर्निंगा वर येऊ द्यायच्या याचं वेगळं सेटिंग आलं, आणि मुळातच फक्त एरर आणि महत्त्वाच्या तेवढ्या येतात. त्यामुळे 30 वर गेलात की ती सायलेंटची ओळ काढून टाका आणि काय येतं ते बघा. पण तिथेही एक खोडी करून ठेवलीच आहे: वॉर्निंगच्या प्रकाराचं नाव ‘कॉम्प’ होतं ते ‘नेटिव्ह-कंपायलर’ झालं. वॉर्निंग-सप्रेस-टाइप्समध्ये ‘कॉम्प’ लिहून निर्धास्त बसलेल्यांची ती ओळ आता नुसती शोभेला आहे. आवृत्ती बदलली की ईएलएन-कॅशमध्ये नवा फोल्डर, सगळं पुन्हा कंपाइल, आणि जुने फोल्डर तसेच पडून. 29 पासून नेटिव्ह-कंपाइल-प्रून-कॅश ही कमांड आहे, ती अधूनमधून चालवा.

खरा राग पॅकेज लिहिणाऱ्यांवर आहे. या ढिगाऱ्यात एक वॉर्निंग खरोखर जीवघेणी असते: ‘हे फंक्शन डिफाइन झाल्याचं माहीत नाही.’ मागची प्रोसेस कोऱ्या पाटीने सुरू होते, तुमच्या चालू ईमॅक्समध्ये लोड झालेलं तिला काहीच दिसत नाही. लेखकाने रिक्वायर (दुसरं पॅकेज आधी लोड कर असं सांगणारी ओळ) लिहिलेलं नसलं की दुसऱ्या पॅकेजचा मॅक्रो तिला साधं फंक्शन वाटतो आणि तसाच कंपाइल होतो. मग गंमत बघू नका, त्रास बघा: बसवताना ते दुसरं पॅकेज लोड झालेलं होतं, म्हणून बाइट-कोड बरोबर. पाच मिनिटांनी मागून ईएलएन तयार होते ती चुकीची. आत्तापर्यंत सगळं चालत होतं, ती लोड झाली की ‘इनव्हॅलिड फंक्शन’. माणूस आपल्या इनिट फाइलमध्ये चूक शोधत रात्र घालवतो! आणि ही एक ओळ 80 अक्षरांच्या चाळीस ओळींखाली गाडलेली असते.

लेखकांनो, रिलीजच्या आधी ईमॅक्स हायफन-क्यू (मोठा क्यू), बॅच मोडमध्ये, बाइट-कंपाइल-एरर-ऑन-वॉर्न टी करून फाइल कंपाइल करा. तुमच्या सजवलेल्या ईमॅक्समध्ये नव्हे, कोऱ्यामध्ये. मॅक्रो वापरला असेल तर रिक्वायर लिहा, कंपाइलपुरताच लागत असेल तर ते इव्हॅल-व्हेन-कंपाइलमध्ये. फंक्शन नंतर लोड होणार असेल तर डिक्लेअर-फंक्शन. दुसऱ्याच्या व्हेरिएबलसाठी किंमत न देता नुसतं डेफव्हार. पहिल्या ओळीत लेक्सिकल-बाइंडिंग. आणि डॉकस्ट्रिंग लांबली असेल तर एंटर दाबून तोडा.