डावा हात मोकळा ठेवा की जरा

आज सकाळी इंदूरला पलासियाच्या सिग्नलला माझ्या शेजारी एक मुलगा येऊन उभा राहिला. नवीकोरी गाडी, हेल्मेट आरशाला अडकवलेलं, पहिला गिअर टाकलेला, क्लच अर्धवट दाबलेला आणि वरून घुर्र घुर्र रेस. घटकेघटकेला वीतभर पुढे. मी सवयीने मान हलवली, आपण बुलेटवाले एकमेकांना हलवतो तशी. त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "क्या हुआ आंटी?"

आंटी म्हण रे, पन्नाशी आलीच आहे. पण सिग्नल सुटेपर्यंत तो डावा हात क्लचवर लटकलेला बघून डोकं फिरलं माझं.

अरे, न्यूट्रल दिलंय ना गाडीला, कुठलाच गिअर न लागलेली जागा! अर्ध्या क्लचवर रेस दिली की आतल्या प्लेटा एकमेकींवर घासतात, तापतात, झिजतात. पूर्ण दाबून धरला तर प्लेटा वाचतील, पण केबलवर आणि मनगटावर ताण येतोच. मग मेकॅनिकपुढे रडायचं, "पिकअपच नाही राहिला हो." बाबांच्या जुन्या बुलेटचे गिअर उजव्या पायाशी होते आणि तिथेच टाचेने दाबायचा एक छोटा दांडा होता. वरच्या कुठल्याही गिअरमधून एका दाबात न्यूट्रल! बनवणाऱ्याने किती विचार केला होता बघा.

मागून काही येत असेल तर पहिल्या गिअरमध्ये, आरशात बघत थांबावं, हे मान्य. मागे एखादी गाडी थांबली की टाका न्यूट्रल. झालं समाधान?

केबलवरून भेरूघाट आठवला. ओंकारेश्वरला निघाले होते, एकटीच. सिमरोल मागे पडलं, उतार लागला आणि एका वळणावर क्लचचा लिव्हर हातात लुळा पडला. केबलच्या टोकाची गोळी निसटलेली, तारा विस्कटलेल्या. एका बाजूला दरी, मागे ट्रकांची रांग. चकाचक गाड्यांचा एक ग्रुप शेजारून गेला, जॅकेट, गुडघ्याची पॅडं, सगळं साग्रसंगीत. एकानेही मान वळवली नाही. थांबला तो एक दूधवाला, स्प्लेंडरवर, दोन्ही बाजूंना रिकामे कॅन खडखडत.

"दीदी, क्लच ही तो गया है, गाड़ी थोड़ी गई है."

मग त्याने शिकवलं. इंजिन चालू ठेवून गाडी न्यूट्रलमध्ये उतारावर जरा पळू द्यायची, थ्रॉटल, म्हणजे रेसची मूठ, सोडून गिअर हलकेच टाकायचा. थांबायचं असेल तर थांबण्याआधीच न्यूट्रल करायचं. चोरल गावापर्यंत तो माझ्यापुढे हळूहळू चालवत राहिला, दर वळणावर मागे बघत. मेकॅनिकच्या दुकानासमोर मला सोडलं, क्लचवरचा डावा हात उचलला आणि गेला. नाव विचारायचंही राहिलं.

आता सांगा, आपले ग्रुप त्याला मान हलवतात का? छे! बुलेटवाला बुलेटला, केटीएमवाला केटीएमला, आणि परदेशी गाडीवाले तर आकाशाकडे बघून चालवतात. हे काय, गाड्यांचीही सोयरीक जुळवायची का आता? स्प्लेंडरवाला पावसात तुमच्याइतकाच भिजतो आणि वाळूवरून तुमच्याइतकाच घसरतो, वर त्याच्या गाडीला दुधाचं ओझं असतं.

आणि ते व्हिडिओत बघून डावा हात खाली सोडून दोन बोटं दाखवणारे! बाळांनो, अमेरिकेत उजवीकडून चालवतात, समोरचा त्यांच्या डाव्या अंगाने जातो, म्हणून त्यांना ते शोभतं. आपल्याकडे तो उजवीकडून जातो आणि उजव्या हातात थ्रॉटल नि पुढचा ब्रेक. तुमची दोन बोटं फक्त फुटपाथला दिसतात. इंग्लंडमध्येही आपल्यासारखंच डावीकडून चालतात, तिथले लोक मान हलवतात. आपणही तेच करावं. हात दाखवायचाच तर वर उचला, तोही सिग्नलला, गाडी न्यूट्रलमध्ये असताना.

एकट्या पोरीने प्रत्येकाला मान हलवली तर एखादा मागेच लागतो, हेही खरं. एकट्या पोरींना या नियमातून सूट. बाकी कुणाला नाही.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. सकाळच्या त्या मुलालाही कुणी शिकवलं नसेल. विशीतलाच तर होता, आणि गाडी मात्र स्वच्छ ठेवली होती हो त्याने.

रविवारी आम्ही तिघी जानापावच्या डोंगरावर निघतोय, सहाला राऊ गावात पोहे खाऊन. कुठलीही गाडी चालेल. जुन्या क्लच केबलला लागून एक नवी केबल आधीच बांधून आणा, म्हणजे तुटली तर फक्त टोकं बदलायची. आणि कमेंटमध्ये "मायलेज किती देते" विचारलंत तर उत्तर मिळणार नाही.