नुसतं कॉपी तर करायचंय!

सांगलीकडच्या भजनी मंडळात एकादशीचा कार्यक्रम संपला की मल्टिट्रॅक रेकॉर्डरकडे, म्हणजे दर माइकचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर टिपणाऱ्या मशीनकडे बोट दाखवून बुवा टोपी सारखी करत म्हणतात, "आता हे मशीनमधलं कॉम्प्युटरवर टाका. नुसतं कॉपी तर करायचंय." असं 'नुसतं' म्हणणाऱ्याला मी आधी केबल आणायला पाठवतो.

घरात जी केबल पहिल्यांदा हाताला लागते, ती बहुधा ट्रिमरची असते. तिच्या पोटात विजेच्या दोन तारा असतात, डेटाच्या दोन तारा घातलेल्याच नसतात. मशीनचा दिवा लागतो, कॉम्प्युटर मात्र ओळख देत नाही. बरोबर केबल मिळाली तर मशीनच विचारतं: कार्ड रीडर की ऑडिओ इंटरफेस? इंटरफेस म्हणालात तर ते साउंडकार्ड होऊन बसतं आणि फाइली दिसत नाहीत. त्यापेक्षा मशीन बंद करावं, एसडी कार्ड काढावं, रीडरला लावावं.

सगळ्या मशीनांना हा सरळपणा मानवत नाही. टास्कमच्या डीपी-२४ सारख्यांत गाणी कार्डाच्या वेगळ्या भागात असतात आणि तो भाग कॉम्प्युटरला दिसतच नाही. आधी मशीनवरच 'एक्स्पोर्ट ट्रॅक' करायचं, मग 'ऑडिओडेपो' फोल्डरात वेव्ह फाइली सापडतात. जुन्या मशीनांची हार्डडिस्क थेट जोडली, तर तिची लिपी विंडोजला वाचता येत नाही. तेव्हा ते मोठ्या अदबीनं विचारतं, "फॉरमॅट करू का?" या प्रश्नाला 'हो' म्हणणारी माणसं आहेत, म्हणून हे लिहावं लागतंय.

यूएसबीही नाही आणि कार्डही नाही, असं मशीन असलं की रात्रच काढावी लागते. बाहेर येणाऱ्या वाटा दोनच, डावी आणि उजवी. एक ट्रॅक पूर्ण डावीकडे, दुसरा पूर्ण उजवीकडे, बाकीचे गप्प करून दोन-दोन ट्रॅक उतरवायचे. तासाभराचे आठ ट्रॅक म्हणजे चार तास. वर दर खेपेला सुरुवातीचा क्षण थोडा मागेपुढे पडतो. फरक ०.१८ सेकंदाचा असला, तरी पुरे. मग पखवाजाची थाप आणि टाळाचा ठोका यांच्यात बेबनाव. म्हणून रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला एक आणि शेवटी एक अशी खणखणीत टाळी सगळ्या माइकना ऐकू जाईल अशी वाजवून ठेवावी. बुवांना ती दाद वाटते, वाटू द्यावी.

कार्डावर फाइली मोनो-०००, मोनो-००१ अशा नावांनी बसलेल्या असतात. कुठली कुणाची, हे वहीत लिहिलेलं नसेल तर ऐकूनच ठरवायचं: पखवाजाची शाई (उजवी बाजू), धुमा (डावी बाजू), पेटी, टाळ, बुवा, झीलकरी, खोलीचे दोन माइक. त्यात टाळ ओळखणं अवघड, कारण तो आठही फाइलींत सारखाच ऐकू येतो. टाळाला स्वतंत्र माइक देणं हा माझ्या मते निव्वळ भाबडेपणा आहे.

आता ट्रॅक जुळवायचं सॉफ्टवेअर. फाइली आत ओढण्याआधी प्रोजेक्टचा सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा, मशीनचाच ठेवा. काही सॉफ्टवेअर विचारतात, "रूपांतर करू?" घाईत 'नको' म्हणालात, तर ४४.१ किलोहर्ट्झची फाइल ४८ च्या वेगानं पळते. दहा मिनिटांचा अभंग नऊ मिनिटं अकरा सेकंदांत उरकतो आणि सूर जवळपास दीड पट्टी वर चढतो. काळी एकमध्ये गाणारे बुवा पांढरी दोन आणि काळी दोनच्या फटीत अडकतात. मिरजेच्या कारागिरानं जवारी काढून दिलेला तंबोरा असा एका क्लिकमध्ये भलत्याच गावाला जातो.

रीपर नावाच्या अशाच सॉफ्टवेअरमध्ये आठ फाइली एकदम टाकल्या की प्रश्न येतो: वेगवेगळ्या ट्रॅकवर की एकापाठोपाठ? दुसरं निवडलंत, तर आधी तासभर शाई, मग तासभर धुमा, आणि बुवांचा 'रामकृष्णहरी' पाचव्या तासाला.

सगळं जुळल्यावर बुवा ऐकतात आणि म्हणतात, "मशीनवर गोड लागत होतं." खरंच लागत होतं. मशीनवर फेडरनं जुळवलेले आवाज आणि रिव्हर्बचा घुमारा फाइलींबरोबर येत नाहीत, येतो तो कोरडा आवाज. म्हणून मशीनवरचं स्टिरिओ मिक्सही उतरवून नवव्या ट्रॅकवर गप्प ठेवावं, तुलनेला बरं पडतं.

खरी कॉपी मात्र झटपट होते. २४ बिट, ४४.१ चा एक ट्रॅक मिनिटाला सुमारे ८ एमबी खातो, म्हणजे आठ ट्रॅकांचा तास ३.८ जीबी. सेकंदाला १५ एमबी देणाऱ्या रीडरला सव्वाचार मिनिटं. पण 'प्रोजेक्टमध्ये मीडिया कॉपी करा' ही खूण केलेली नसेल, तर सॉफ्टवेअर फाइली कार्डावरूनच वाजवत असतं. कार्ड काढलं की सगळे ट्रॅक मुके.

प्रती तीन हव्यात. एक कॉम्प्युटरवर, एक बाहेरच्या डिस्कवर, एक विट्याच्या पाहुण्यांकडे. कृष्णेला पूर येऊन सांगलीच्या आयर्विन पुलाची पातळी चढू लागली की लोक गाद्या आणि सिलिंडर वरच्या मजल्यावर नेतात, डिस्क टेबलाखाली राहते. तिन्ही प्रती उघडून, ऐकून झाल्या की मगच कार्ड फॉरमॅट करायचं, तेही मशीनमध्येच. एवढ्यात बुवांचा फोन येतोच: पुढची एकादशी गुरुवारी आहे, कार्ड मोकळं झालं का?