ब्रह्मदेशाशी आपलं नातं दिल्लीने नाही, व्यापाऱ्यांनी आणि भिक्खूंनी जोडलंय

म्यानमारचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच गोष्टी बोलल्या जातात, एक चीन आणि दुसरी मणिपूरची बॉर्डर. सरकारी भाषण असेल तर 'दोन्ही देशांना जोडणारा प्राचीन बौद्ध वारसा' हे वाक्य ठरलेलं. टाळ्या, फोटो, पुढचा विषय. पण हा वारसा तिकडे नेला कोणी आणि टिकवला कोणी हे कोणी सांगत बसत नाही. मला वाटतं ते नीट बघितलं तर आज तिथे नेमकं कोणाशी बोलायला हवं हेही कळेल.

विनयपिटकात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, तपुस्स आणि भल्लिक या दोन भावांची गोष्ट आहे. बुद्धांना बोधी मिळून थोडेच दिवस झालेले आणि हे दोघे मालाच्या गाड्या घेऊन तिथून चाललेले, त्यांनी सातू आणि मधाचे लाडू दिले आणि बुद्ध व धम्म या दोघांना शरण गेले, संघ तेव्हा जन्मालाच यायचा होता. म्हणजे जगातले पहिले उपासक कोण, तर धंद्याला निघालेले व्यापारी! त्यांचं गाव उक्कल, आपले बरेच अभ्यासक त्याला ओडिशा म्हणतात, ब्रह्मी लोक म्हणतात छे, ते आमचे रंगूनकडचे, बुद्धांनी दिलेले आठ केस त्यांनीच आणले आणि त्यावरच श्वेडगॉन पॅगोडा उभा राहिला. इतिहास म्हणून हे सिद्ध होणार नाही, पण एका अख्ख्या देशाने आपल्या सगळ्यात पवित्र जागेची सुरुवात दोन व्यापाऱ्यांपासून धरावी हे मला फार मोठं वाटतं.

आणि आपल्याला हे नवीन नाही. कान्हेरीला जाऊन बघा, कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानाचे लेख तिथल्या दगडात आहेत. समुद्रापलीकडेही हेच चाललं होतं. ब्रह्मदेशातल्या प्राचीन प्यू लोकांच्या श्रीक्षेत्र नगरात सोन्याच्या 20 पत्र्यांवर लिहिलेली पाली पोथी सापडलीय, साधारण पाचव्या शतकातली, आणि लिपी कुठली तर दक्षिण भारतातल्या वळणाची. कुठल्या राजाची फौज ती घेऊन गेली नव्हती.

ब्रह्मदेशाच्या जुन्या राजधानीतला, बगानचा एक शिलालेख मला सगळ्यात जास्त आवडतो. तेरावं शतक, भाषा तमिळ, केरळातल्या महोदयपुरमचा एक व्यापारी बगानमध्ये 'नानादेशी विण्णगर' नावाच्या विष्णूमंदिराला मंडप बांधून देतो, दरवाजा देतो, दिवा देतो. नानादेशी म्हणजे देशोदेशी फिरणाऱ्या व्यापाऱ्यांचा संघ. बौद्ध राजधानीत परदेशी व्यापाऱ्यांचं विष्णूचं देऊळ, आणि कोणाला त्याची अडचण नाही! उलट दिशेलाही तेच, बगानचा राजा चान्झित्था (1084 ते 1113) बोधगयेचं मंदिर दुरुस्त करायला जहाज भरून रत्नं पाठवतो. एकोणिसाव्या शतकात ब्रह्मदेशाच्या मिंडोन राजानेही तिथल्या दुरुस्तीसाठी माणसं पाठवली होती.

थिबा राजा रत्नागिरीत आणि टिळक मंडालेत, हे आपण शाळेत शिकलोय त्यामुळे लांबवत नाही, फक्त एवढंच सांगतो की 2012 मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन रत्नागिरीत थिबाच्या समाधीवर येऊन गेले आणि आपल्याकडे त्याची फारशी चर्चाही झाली नाही.

महाराष्ट्रावरचं ब्रह्मदेशाचं ऋण याहून कितीतरी मोठं आहे. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांना दीक्षा दिली ती महास्थवीर चंद्रमणी यांनी, कुशीनगरला राहायचे, पण जन्म ब्रह्मदेशातल्या अराकानचा. त्याआधी 1954 मध्ये बाबासाहेब स्वतः रंगूनला जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. म्हणजे भारतातून जवळपास पुसला गेलेला धम्म इथल्या लाखो माणसांपर्यंत परत आला त्यात एक ब्रह्मी हात आहे.

दुसरं नाव सत्यनारायण गोएंका. मंडालेत 1924 साली जन्मलेला मारवाडी व्यापारी, डोकेदुखीने हैराण होऊन विपश्यना शिकवणाऱ्या सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेला, जे स्वतः ब्रह्मदेश सरकारचे अकाउंटंट जनरल होते, म्हणजे हिशोबाचा माणूस! 1962 नंतर ने विनच्या लष्करी राजवटीने धंदे सरकारजमा केले, काही लाख भारतीयांना देश सोडावा लागला, पिढ्यानपिढ्या तिथे राहिलेली माणसं हातात मिळेल ते घेऊन बोटीत बसली. गोएंकांचाही धंदा गेला. 1969 मध्ये ते भारतात आले आणि विपश्यना शिकवू लागले, 1976 मध्ये इगतपुरीचं धम्मगिरी, 2009 मध्ये गोराईचा पॅगोडा, श्वेडगॉनच्या धर्तीवर बांधलेला, एवढा प्रचंड घुमट आणि आत एकही खांब नाही. मुंबईकर एस्सेलवर्ल्डला जाताना तो सोनेरी कळस बोटीतून बघायचे, पण ब्रह्मदेशाने जपून ठेवलेली गोष्ट आपल्याला परत दिली त्याची ती खूण आहे हे किती जणांना माहीत होतं?

व्यापार आजही आहे. दाल मिलवाल्याला विचारा, बर्माची 'लेमन तूर' म्हटलं की तो लगेच भाव सांगेल. 2021 मध्ये वर्षाला अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर घ्यायचा करार झाला. लातूर-अकोल्याच्या शेतकऱ्याचा आयातीवर राग आहे आणि तो बरोबर आहे, हमीभावाच्या खाली तूर विकावी लागली तर कोणालाही येईल. पण ती तूर पिकवणारा पण शेतकरीच आहे, तिथल्या जनरलच्या शेतातली नाही ती.

आता माझा खरा मुद्दा. 1 फेब्रुवारी 2021 ला सैन्याने सत्ता घेतली. त्याआधी 2017 मध्ये याच सैन्याने सात लाखांवर रोहिंग्यांना देशाबाहेर हाकललं, आणि स्वतःला धम्माचे रक्षक म्हणवतात. अशा लोकांसमोर उभं राहून बौद्ध वारशाचं वाक्य बोलायचं म्हणजे तपुस्स-भल्लिकांचाही अपमान आणि चंद्रमणींचाही. व्यवहाराच्या हिशोबानेही ते जमत नाही, कोलकात्याहून म्यानमारमधल्या सित्वे बंदरामार्गे मिझोरामपर्यंत माल नेण्यासाठी 2008 ला ठरलेला कलादान प्रकल्प बघा, सित्वे बंदर 2023 मध्ये सुरू झालं पण पुढचा मार्ग ज्या पलेत्वातून जातो ते 2024 पासून अराकान आर्मी या सैन्याविरुद्ध लढणाऱ्या सशस्त्र गटाच्या ताब्यात. नुसतं नेपीडोशी, म्हणजे राजधानीतल्या सरकारशी बोलून रस्ता होणार कसा?

मार्च 2025 च्या भूकंपात आपल्या लष्कराने मंडालेत फील्ड हॉस्पिटल उभं केलं, ते अगदी योग्य केलं. तसंच म्यानमारमधून मिझोराममध्ये आलेल्या चिन जमातीच्या निर्वासितांशी वागा, मिझो लोक स्वतःच्या घासातला घास देतायत, दिल्लीने निदान त्यांना कागद आणि रेशन द्यावं. बॉर्डरला कुंपण घालायच्या आधी दोन्हीकडे नातेवाईक असलेल्या गावांना विचारा. त्यांच्या मुलांना नागपूर-पुण्याच्या कॉलेजांत स्कॉलरशिप द्या, आणि त्या स्कॉलरशिपला चंद्रमणींचं नाव द्या.