बशीतले ठिपके आणि आईचा च्यवनप्राश

गेल्या आठवड्यात आमच्या नागपूरच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर च्यवनप्राशावरून वाद पेटला. महाल भागातल्या वैद्य काकांचे म्हणणे असे की, ज्याचा पाठ चरकसंहितेत दिला आहे त्याची परीक्षा जंतूंवर घेणे हाच अपमान आहे. धाकट्या चुलतभावाचे म्हणणे असे की, प्रयोगशाळेतल्या बशीत वाढणारे जिवाणूंचे ठिपके घटले म्हणजे कर्करोगापासून संरक्षण सिद्ध झाले. मला दोघांचाही राग आला, कारण स्वित्झर्लंडमधल्या बाझलमध्ये गेली अकरा वर्षे मी हेच ठिपके मोजते आहे.

ब्रूस एम्स यांनी १९७०च्या दशकात रूढ केलेल्या या चाचणीत एखादे रसायन जनुके बिघडवते का ते पाहतात, आणि त्यासाठी वाढीला लागणारे हिस्टिडिन हे अमिनो आम्ल स्वतः बनवू न शकणारे साल्मोनेला जिवाणू वापरतात. उत्परिवर्तनाने, म्हणजे जनुकात बदल होऊन, ती क्षमता परत आली तरच जिवाणूंचा ठिपका वाढतो. जनुके बिघडवणाऱ्या घातक रसायनाबरोबर आवळ्याचा अर्क घातल्यावर ठिपके घटले, तर अर्काने जनुके राखली असतील किंवा सरळ जिवाणूच मारले असतील, आणि म्हणूनच ठिपक्यांमागचा जिवाणूंचा पुसट थर शाबूत आहे की नाही, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहावेच लागते. उलट अर्कातच हिस्टिडिन असेल तर ठिपके वाढतात आणि चांगले औषध विनाकारण बदनाम होते. शिवाय जिवाणू म्हणजे माणूस नव्हे. पुढे उंदरांच्या अस्थिमज्जेतली तपासणी उरतेच. अशी छाननी मागणारा माणूस आयुर्वेदाचा वैरी कसा ठरतो?

इथे अपोथेकेत, म्हणजे औषधांच्या दुकानात, वनस्पतींचे थेंब घेताना कोणाच्या अस्मितेला धक्का बसत नाही, असे मी गटावर लिहिले. काकांनी लगेच उत्तर दिले, "तुमच्याकडे तर २००९ साली पूरक उपचारांना मतदानाने राज्यघटनेत जागा दिली, तेव्हा कुठे ठिपके मोजले?" मुद्दा खरा होता, पण मला लागले ते "तुमच्याकडे". उत्तरात मीही "तुमच्याकडचे कारखाने" असे लिहिले, मग ते पुसून "आपल्याकडचे" केले आणि बराच वेळ पाठवू शकले नाही.

स्वयंपाकघरातल्या फळीवर आईने दिलेली बरणी आहे. झाकणावर तिच्या अक्षरात "कार्तिक" लिहिलेले आहे, आणि त्यातला चमचाभर प्रयोगशाळेत न्यायला मला कोणीही अडवलेले नाही. तरी तो अजून नेलेला नाही. अखेर काकांना मी एवढेच लिहिले: एकाच घाण्याच्या दोन बरण्या ठेवा, आवळे कुठले, कधी तोडले आणि पाक किती वेळ आटवला ते लिहून ठेवा, दिवाळीत मी स्वतः न्यायला येते.