‘ढकलून द्या, आपोआप शिकेल’: या सल्ल्यातला एकेक दावा तपासून पाहू

पोहायला घाबरणाऱ्या मुलांच्या आईवडिलांसाठी एक संदेश सतत पुढे पाठवला जातो. त्यात म्हटलेलं असतं ते थोडक्यात असं: माणसाला पोहणं जन्मतःच येतं, भीती आपणच घालतो. मुलाला सरळ खोल पाण्यात ढकला. दोन गटांगळ्या खाल्ल्या की हातपाय मारायला लागेल. रडलं तर रडू द्या. रडणं थांबलं की भीती गेली. आम्ही सगळे असेच शिकलो.

हा सल्ला चुकीचा आहे. मुलाच्या भल्यासाठी म्हणूनच तो पाळला जातो, त्यामुळे त्याची मला जास्त काळजी वाटते.

‘पोहणं जन्मतःच येतं.’

या समजुतीला थोडासा आधार आहे. मर्टल मॅकग्रॉ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1939 मध्ये तान्ह्या बाळांच्या पाण्यातल्या हालचालींचा अभ्यास प्रसिद्ध केला. अगदी लहान बाळं पाण्यात श्वास रोखतात आणि तालात हातपाय हलवतात, हे त्यांनी नोंदवलं. पण ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे, आणि काही महिन्यांतच ती विस्कटते. ती असतानासुद्धा बाळाला श्वासासाठी डोकं पाण्याबाहेर काढता येत नाही. ज्याला हवी तेव्हा हवा घेता येत नाही त्याला पोहता येतं असं कसं म्हणायचं? आणि पाच-सहा वर्षांच्या मुलात तर ती क्रिया उरलेलीही नसते.

‘हातपाय मारायला लागेल.’

सगळ्यात घातक वाक्य हेच. अमेरिकेतले जीवरक्षक फ्रँक पिया यांनी बुडणाऱ्या माणसांच्या चित्रफिती बारकाईने पाहून वर्णन करून ठेवलं आहे: बुडणारा माणूस ओरडत नाही, मदतीसाठी हात हलवत नाही. तोंड क्षणभर पाण्यावर येतं तेवढ्यात श्वास घ्यायचा की हाक मारायची, यात शरीर श्वास निवडतं. हात आपोआप बाजूंना पसरून पाणी खाली दाबत राहतात. हे फार तर 20 ते 60 सेकंद चालतं, मग माणूस खाली जातो. काठावरून बघणाऱ्याला हीच धडपड ‘बघा, मारतोय की हात’ अशी दिसू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2021 मध्ये जगात सुमारे 3 लाख माणसं बुडून गेली, आणि त्यांतली जवळपास चौथा हिस्सा पाच वर्षांखालची मुलं होती.

घाबरलेलं मूल तरंगू का शकत नाही, याचं कारणही साधं आहे. ते डोकं जितकं वर ताणतं तितके पाय खाली जातात, शरीर उभं होतं आणि आणखी बुडतं. त्यातून श्वास कोंडलेला, अंग ताठ. तरंगायला याच्या नेमकं उलट लागतं: डोकं पाण्यावर टेकलेलं, अंग सैल.

‘रडणं थांबलं की भीती गेली.’

मूल थकूनही गप्प होतं. कुणी ऐकत नाही हे कळल्यावरही गप्प होतं. त्या दिवशी ते पाण्याबद्दल काय शिकलं ते सांगता येणार नाही. पण ज्याचा हात धरून शिकायचं, तोच हात ढकलतो, एवढं मात्र त्याला नक्की कळलं.

‘आम्ही असेच शिकलो.’

शिकलात ते सांगायला आहात. जे जन्मभर पाण्याजवळ फिरकले नाहीत, ते हा संदेश पुढे पाठवत नाहीत.

‘लाड केले तर भीती वाढते.’

यातलं अर्धं खरं आहे, आणि ते मान्य करायला हवं. पाणी टाळत राहिलं तर भीती वाढतेच. ‘घाबरतो ना, मग नको’ म्हणून क्लास सोडवणं हा उपाय नाही. पण ढकलणं आणि टाळणं यांच्या मधे बरीच जागा आहे. मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1924 मध्ये पीटर नावाच्या सुमारे तीन वर्षांच्या मुलाची सशाची भीती घालवली. तो आवडीचं खात असताना ससा थोडा थोडा जवळ आणला. घाई केली नाही. शेवटी तो सशाला हात लावू लागला.

पाण्याचंही तसंच करता येतं. आधी कमरेएवढ्या पाण्यात काठ धरून उभं राहणं. मग स्वतःच्या हाताने खांद्यावर, मग डोक्यावर पाणी ओतणं. ‘स्वतःच्या हाताने’ हे महत्त्वाचं, कारण कधी थांबायचं ते मूल ठरवतं. नंतर तोंड पाण्यात घालून बुडबुडे काढणं. हे जमलं की नाकातोंडात पाणी जायची निम्मी धास्ती संपते, कारण श्वास बाहेर सोडत असताना पाणी सहसा आत येत नाही. मग मोठ्या माणसाच्या खांद्यावर डोकं टेकवून उताणं तरंगणं. आणि त्याच्याच जोडीला गुडघे पोटाशी घेऊन पुन्हा पायांवर उभं राहणं. हा भाग बरेच जण वगळतात, मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो. पाण्यातून आपल्याला आपलं उठता येतं हे कळलं की मूल स्वतःहून पुढे सरकतं. ‘सोडतो’ असं सांगितल्याशिवाय हात सोडायचा नाही, ‘आता पुरे’ म्हटलं की बाहेर काढायचं. पाणी गार असेल तर आधीच ताठरलेलं अंग आणखी आखडतं, म्हणून शक्यतो कोमट पाणी बघावं.

‘एकदा शिकला की काळजी मिटली.’

नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणं आहे की बऱ्याच मुलांना वयाच्या पहिल्या वर्षानंतर पोहण्याचे धडे देता येतात आणि त्याने बुडण्याचा धोका कमी होऊ शकतो, पण कुठलाही क्लास मुलाला बुडण्यापासून पूर्ण सुरक्षित करत नाही. दंडावरचे हवेचे फुगेही नाहीत. ते निसटतात, त्यांतली हवा जाते. लहान किंवा नवशिकं मूल पाण्यात असताना एक मोठं माणूस हात पोहोचेल इतक्या अंतरावर हवं, आणि त्याच्या हातात फोन नको.