दुसऱ्या एक्स-रेआधी सही करू नका

शेजारच्या वहिनींनी आज एक कागद दाखवला आणि माझं डोकंच फिरलं. ‘पूर्ण व अंतिम रक्कम मिळाली, यापुढे माझी कोणतीही मागणी राहणार नाही.’ खाली डाव्या हाताने केलेली वाकडीतिकडी सही, कारण उजवा सुजलेला. १२ दिवसांपूर्वी एका दुकानात नुकत्याच पुसलेल्या फरशीवर त्या घसरल्या. पहिल्या एक्स-रेत काही दिसलं नाही. चौथ्या दिवशी दुकानाचा माणूस घरी आला, एक्स-रे आणि गोळ्यांचे पैसे ठेवले, कागद पुढे केला. काल दुसरा एक्स-रे निघाला. स्कॅफॉइडला तडा.

हात टेकून पडलेल्या माणसाचं हे मनगटातलं छोटंसं हाड नेहमीचं फसवं. तडा पहिल्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही. अंगठ्याच्या बुडाशी जो खळगा पडतो तिथे दाबल्यावर दुखत असेल, तर डॉक्टर १० ते १४ दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढायला सांगतात किंवा एमआरआय करतात. या हाडाला रक्तपुरवठा उलट्या बाजूने होतो, म्हणून ते भरायला वेळ घेतं, कधी जुळतच नाही आणि शस्त्रक्रिया करावी लागते. म्हणजे चौथ्या दिवशी वहिनींनी नेमकं कशावर पाणी सोडलं हे त्यांना तरी कुठे माहीत होतं? दुखापत पूर्ण कळल्याशिवाय ‘अंतिम’ शब्दाखाली सही नाही म्हणजे नाही. पैसे देताहेत तर घ्या, पण पावतीवर ‘आतापर्यंतच्या उपचारखर्चापोटी, बाकी हक्क राखून’ एवढं लिहा. मग पैसे कसे मागे जातात बघा!

पण खरं नुकसान त्याआधीच झालेलं असतं, पडल्यानंतरच्या दहा मिनिटांत. माणूस पडतो, लाजेने लाल होतो, कपडे झटकतो आणि आपणच म्हणतो, ‘काही नाही, मला काही झालं नाही.’ वहिनी तर वर ‘सॉरी’ म्हणाल्या. कुणाला? फरशीला? हेच वाक्य पुढे तुमच्या विरोधात पानावर येतं.

पटकन उठू नका. आधी खाली बघा: पाणी, तेल, साबण, उखडलेली फरशी, नेमकं काय? फोटो दोन प्रकारचे हवेत. एक लांबून, जागा ओळखू येईल असा, त्यात ‘फरशी ओली आहे’ची पिवळी पाटी आहे की नाही तेही दिसेल. दुसरा जवळून. भिजलेल्या कपड्यांचा आणि चपलेच्या तळव्याचाही घ्या. ती चप्पल धुऊ नका, पुन्हा घालू नका, पिशवीत भरून ठेवा. तळवा झिजला होता असं समोरचे म्हणणारच. ज्यांनी पाहिलं त्यांचा फोन नंबर घ्या. अपघाताच्या वहीत नोंद करायला लावा, त्या पानाचा फोटो काढा. वही नाही म्हणाले तर त्याच दिवशी ईमेल करा, म्हणजे तारीख आपोआप पडते.

आणि सीसीटीव्ही. यावर लोक गाफील राहतात. रेकॉर्डरची जागा भरली की जुनं आपोआप पुसलं जातं, काही ठिकाणी आठवड्या-दोन आठवड्यांत. म्हणून लेखी पत्र लगेच द्यायचं, आणि मागायचं ते फक्त पडण्याचं चित्रण नाही, त्याच्या आधीचा किमान तासभर. कारण वाद तुम्ही पडलात की नाही यावर फारसा होत नाही, तो होतो पाणी तिथे किती वेळ होतं यावर. दोन मिनिटांपूर्वी कुणाची बाटली फुटली असेल तर दुकान सुटू शकतं. अर्धा तास डबकं साचलं होतं आणि तीन कर्मचारी ओलांडून गेले, तर नाही सुटत. आणि त्यांचाच माणूस फरशी पुसून पाटी न लावता गेला असेल, तर ‘आम्हाला माहीत नव्हतं’ म्हणायला तोंडच उरत नाही. साफसफाईची नोंदवहीही त्याच पत्रात मागा.

इंग्लंडमधला ‘वॉर्ड विरुद्ध टेस्को’ (१९७६) हा सुपरमार्केटवरचा खटला मला यासाठीच आवडतो. बाई सांडलेल्या दह्यावरून घसरल्या. दही केव्हा सांडलं, हे त्यांना सिद्ध करता येत नव्हतं. बहुमताने न्यायाधीश म्हणाले, फरशी दुकानाच्या ताब्यात, काळजी घेतली होती हे दुकानाने दाखवावं. सगळीकडची कोर्टं इतकी उदार नसतात, म्हणून तर फुटेज.

बरं, खोटं पडणारेही असतात, मान्य. मोबाईलमध्ये डोकं घालून पाटीसमोरून चालत गेलात तर तुमचाही दोष धरतात आणि तेवढ्या टक्क्यांनी रक्कम कापतात. कापतात, शून्य करतातच असं नाही. पण वहिनींना घरातलेच ‘जरा बघून चालायचं ना’ म्हणताहेत, त्याचं काय करायचं?

डॉक्टरांकडे त्याच दिवशी जा, आणि केसपेपरवर काय लिहिलंय ते तिथेच वाचा. ‘दुकानातल्या ओल्या फरशीवरून घसरून’ असं हवं. घाईत कुणी ‘चक्कर येऊन’ लिहिलं की दुकानाच्या विमा कंपनीचं काम झालं. तिचा माणूस फोनवर गोड आवाजात ‘आता कसं वाटतंय?’ विचारतो, आपण सवयीने ‘बरं आहे’ म्हणतो, आणि कॉल रेकॉर्ड होत असतो. लेखी विचारा म्हणायचं.

हिशेबात फक्त बिलं धरू नका. फिजिओथेरपी, येण्याजाण्याचं भाडं, बुडालेला पगार, कामाला ठेवलेली मदतनीस, आणि वापरून टाकलेली भरपगारी रजासुद्धा. नोटीस एकट्या दुकानदाराला नको. जागेचा मालक आणि सफाईचा ठेकेदार यांनाही, नाहीतर ते एकमेकांकडे बोट दाखवत बसतात. मुदतीही बघा. आपल्याकडे ग्राहक आयोगात २ वर्षं, इंग्लंडमध्ये साधारण ३. न्यूयॉर्कमध्ये शहर प्रशासनावर दावा असेल तर ९० दिवसांत नोटीस.

वहिनींचा राग येत नाही हो. दुखत असताना, समोर माणूस नम्रपणे बसलेला असताना, कोण वाचतं बारीक अक्षरं? तो कागद आता सुटणं अवघड आहे, अशक्य नाही. वकिलाला दोन्ही एक्स-रे तारखांसह दाखवायचे, सही दुखापत कळण्याआधीची आहे हे सांगायचं. मात्र १२ दिवस गेलेत. फुटेजचं पत्र आत्ता टाईप केलं, उद्या दुकान उघडलं की पोच घेऊन देणार. शेवटी एक ओळ मुद्दाम घातली आहे: चित्रण पुसलं गेलं असल्यास कोणत्या तारखेला, तेही लेखी कळवावे.