एकाच टँकात चार एंजल? घेतील की जमवून!

"पाणी तर एकदम क्लिअर आहे, भाऊ." रात्री साडेअकराला आलेल्या फोटोखाली एवढंच. फोटोत तीन फुटी टँक, त्यात चार समुद्री एंजल मासे. एक तळाशी आडवा. एक वरच्या कोपऱ्यात पाइपामागे तोंड खुपसून उभा. तिसऱ्याची शेपटी उंदराने कुरतडल्यासारखी. चौथा मात्र मांडवातल्या वरबापासारखा मधोमध फिरतोय. आणि मग प्रश्न: "कोणतं औषध टाकू?"

असे फोटो लागोपाठ यायला लागले की समजावं, जळगाव-भुसावळकडे दिवाणखान्यात निळा टँक ठेवायची हौस परत जोरात आलीय. तेव्हा ज्यांचे फोटो अजून यायचे आहेत, त्यांच्या सोयीसाठी सगळी कृती एकदाच लिहून टाकतो. नीट पाळलीत तर आठ-दहा दिवसांत टँक रिकामा होतो आणि त्यात मनीप्लांट लावता येतो.

टँक तीन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच घ्या. काठोकाठ भरला तर १२७ लिटर. दगड-वाळू गेल्यावर शंभर उरले तरी पुष्कळ. एम्परर एंजल समुद्रात ४० सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि या टँकची रुंदी ३०, असले हिशेब करत बसू नका. आत्ता तो तीन इंची आहे. गोऱ्हा विकत घेताना बैलाच्या गोठ्याचं माप कोण काढतं?

पाणी बोअरचंच वापरा. टीडीएस (विरघळलेले क्षार) हजार असला म्हणून काय झालं, शेवटी खारंच तर करायचंय.

मासे त्याच संध्याकाळी सोडा. माशांच्या घाणीतल्या विषारी अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू दगडावर बसायला चार ते सहा आठवडे लागतात. पाहुणे तर रविवारी येणार.

आता मासे निवडणं. कुणी जाणकार सांगेल, वेगवेगळ्या गटांतले घ्या. ऐकू नका. दुकानात निळ्या अंगावर पांढऱ्या रेघांची तीन पिल्लं दिसतील, ती "जोडी आणि एक जास्तीचं" म्हणून उचला. शेपटीजवळ पूर्ण गोल कडी दिसली तर तो एम्परर, रेघा अर्धगोल वाकलेल्या असतील तर कोरान, जवळपास सरळ उभ्या असतील तर ब्लू रिंग. तिघंही पोमाकँथस गटातली, तिघंही फूटभराच्या वर जाणारी. आणि चुलतभावांचं काय होतं ते खानदेशात सांगायला नको. बांध वीतभर सरकला तर आपल्याकडे कुऱ्हाडी निघतात, इथे तिघांत मिळून तीन फूट.

एंजलच्या डोक्यात सगळा हिशेब सातबाऱ्याचा असतो. जो आधी टँकात आला, जमीन त्याच्या नावावर लागली. नंतर येणारा त्याच्यासारखा दिसत असेल, त्याच्याएवढा असेल, तेच खात असेल, तर तो वाटणी मागायला आला. रंग, अंगलट, खाणं वेगळं असेल तर तो पाहुणा, एखादी धडक देऊन सोडून दिला जातो. म्हणून सौम्य आधी आणि दांडगा शेवटी. जेनिकँथस गटातला लॅमार्कसारखा एंजल उघड्या पाण्यात फिरून तरंगतं खाणं टिपतो, त्याला दगडाच्या कपारीशी फारसं देणंघेणं नसतं, तो आधी. मग फ्लेम किंवा कोरल ब्युटी, एखादाच ड्वार्फ, म्हणजे बुटका एंजल. पोमाकँथस ठेवायचाच असेल तर एकच, सगळ्यांच्या मागून, आणि टँक सहा फुटांच्या वरचा असेल तरच.

तुम्ही काय करता? दुकानात सगळ्यात उठून दिसणारा, म्हणजे सगळ्यात दांडगा, तो आधी आणता. पगार झाला की दुसरा. महिनाभर पहिल्याला एकट्याला पाटीलकी करू दिल्यावर दुसरा सोडता, तोही त्याच रंगाचा, कारण "मॅच होतं". आणि वर विचारता, "मारतो का हो तो?" मारणार नाही तर काय ओवाळेल?

एकाच जातीचे दोन ड्वार्फ ठेवायचे असतील तर त्यालाही रीत आहे. हे मासे आधी मादी असतात, कळपातला मोठा दांडगा तेवढा नर होतो. त्यामुळे एक मोठा आणि एक-दोन उघड उघड लहान घ्यायचे, एकाच दिवशी सोडायचे, किमान चार फुटी, २५० लिटरच्या टँकात. मोठे आणि सारख्या मापाचे दोन घेतले तर दोघंही नर निघायची भीती, आणि एकदा झालेला नर सहजासहजी परत मादी होत नाही. तुम्ही मात्र बैलजोडी निवडावी तसे शिंगाला शिंग जुळवून घेता. बैलजोडीच्या मानेवर जू असतं, भाऊ. यांच्या नसतं.

नवा मासा सोडायचा तर भोकं पाडलेली पारदर्शक पेटी टँकात टांगायची आणि त्याला पाच-सात दिवस तिच्यात ठेवायचं. जुना मालक पेटीवर डोकं आपटून थकतो. सोडायच्या दिवशी दोन-चार दगड हलवायचे, म्हणजे बांधाच्या खुणाच मोडतात. दिवे बंद ठेवायचे. काचेला बाहेरून आरसा लावला तर मारकुटा दिवसभर त्यातल्या स्वतःशीच भांडत बसतो. तरी ऐकला नाही तर मारकुट्यालाच आठवडाभर वेगळ्या टँकात काढून ठेवायचं आणि परत आणताना त्याला सगळ्यांत शेवटचा करायचं. प्लॅस्टिकचा डबा, तापवलेला खिळा आणि घरातला आरसा, एवढंच सामान लागतं. पण नाही! "मासा मुंबईहूनच आजारी आला असेल." आजारी नव्हता तो! त्याला चार दिवस कुणी खाण्यापर्यंत येऊ दिलं नाही. कोपऱ्यात उभा राहून पाठ खंगली, अंगातली ताकद गेली, मग पांढरे ठिपके उठले. तुम्हाला ठिपके दिसले. उपास दिसला नाही.

असो. उरलेली कृती.

क्वारंटाइनचा वेगळा टँक, त्यात महिना-सव्वा महिना, ही रिकामटेकड्यांची थेरं. थेट सोडा, आणि पिशवीतलं पाणीही आतच ओता, तीर्थ वाया जायला नको.

ठिपके आले की तांब्याचं औषध मुख्य टँकातच टाका. दगड ते शोषून घेतील, शंख-खेकडे मरतील आणि ड्वार्फ एंजलला तांबं आधीच सोसत नाही, म्हणजे एका बाटलीत तिन्ही कामं.

मासा धरायला जाळीच घ्या. एंजलच्या गालावर मागे वळलेला काटा असतो, तो जाळीत अडकतो. अडकला की ओढा. डब्याने अलगद उचलणारे घाबरट असतात.

खायला सुकट घाला, दिवसातून एकदा, मूठभर, एकाच कोपऱ्यात. हे मासे दिवसभर खडकावरचं शेवाळ आणि स्पंज खुडत हिंडतात, त्यांना स्पिरुलिना-नोरीसारखं शेवाळ आणि स्पंज मिसळलेलं गोठवलेलं खाणं तीन-चार वेळा, दोन वेगवेगळ्या जागी द्यावं लागतं, म्हणजे दुबळ्यालाही घास मिळतो. पण सुकट घरात असतेच.

सोबत कोरलही ठेवा, ते एंजलला आवडतं. खायला. आणि "आपल्याच किनाऱ्यावरचं आहे, स्वस्तात देतो" म्हणणाऱ्याकडून तर जरूर घ्या. दगडी प्रवाळाला २००१ पासून वन्यजीव कायद्यात वाघाइतकंच संरक्षण आहे, हे तो बिलावर लिहीत नाही. बिलच देत नाही.

राहिला उन्हाळा. आखाजी (अक्षय्य तृतीया) सरली की भुसावळचा पारा ४५ला टेकतो, आणि या माशांना हवं २५-२६. चिलर महाग, म्हणून घेऊ नका. घेतलाच तर बंद खोलीत ठेवा, म्हणजे तो पाणी गार आणि खोली गरम करत स्वतःशीच झुंजत राहील. पाण्यावर पंखा लावला तर आपल्या कोरड्या हवेत दोन-तीन अंश सहज उतरतात, कूलर चालतो त्याच तत्त्वावर. पावसाळी दमट हवेत ही युक्ती लंगडी पडते, पण मे महिन्यात खानदेशासारखी जागा नाही तिला. मात्र पाणी भसाभस उडतं. उडतं ते पाणी, मीठ मागेच राहतं. २५० लिटरमधलं २० लिटर उडालं की दर हजारी ३५चा खारटपणा ३८वर जातो. तेव्हा कमी झालेली पातळी खारं पाणी ओतूनच भरा. गोडं, शून्य टीडीएसचं आरओ-डीआय पाणी रोज सकाळी भरायला तुम्ही काय नळवाले आहात?

आणि लाइट. इन्व्हर्टरवर टीव्ही आधी. पाणी ढवळणारा वेव्हमेकर चालला काय, न चालला काय. गरम पाण्यात प्राणवायू आधीच कमी मावतो, मासे जास्त आणि दगड कमी असतील तर दोन तासांत सगळे वर येऊन तोंडं वासतात. सेलवर चालणारा एअर पंप घरात हवा, हे तुम्हाला लाइट गेल्यावर आठवतं आणि तेव्हा दुकान बंद असतं. सम्पवरून, म्हणजे खालच्या गाळणीच्या टाकीतून, पाणी चढवणाऱ्या पाइपाला पाण्याच्या रेषेच्या जरा खाली एक भोक पाडलं तर लाइट गेल्यावर पाणी उलटं फिरून फरशीवर येत नाही. एक भोक! ड्रिलने! पण तुम्ही फरशी पुसता आणि मला विचारता, "काय भो, एवढं पाणी आलं कुठून?"

तुम्हीच आणलंत. मासेही तुम्हीच आणलेत. बाजारातले बहुतेक मोठे एंजल आजही समुद्रातल्या खडकांतून पकडलेले असतात. तो मासा तिथे मजेत होता. त्याला पिशवीत घालून समुद्रापासून तीनेकशे किलोमीटर आत, तापी-गिरणेच्या उन्हात आणलं ते तुम्ही, आणि त्याच्यासाठी महिनाभर थांबायला तुम्हाला जमत नाही. अडीच लाखांचा सोफा घेताना दार किती रुंद आहे ते मोजलंत ना? मग माशाला का नाही मोजलंत? दुकानदार तर विकणारच. पाणी क्लिअर दिसतं म्हणे! अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. टेस्ट किट घ्या, त्यात अमोनिया शून्य आणि नायट्राइट शून्य आलं नाही तोवर एकही मासा आणू नका. चार फुटी टँक असेल तर ड्वार्फ एकच, फार तर रीतीने लावलेली जोडी. मोठ्याचं नाव काढू नका.

आणि आत्ता, औषध शोधत बसण्याआधी, तो मधोमध फिरणारा चौथा आहे ना, त्याला बाहेर काढा. डब्याने. पाइपामागचा अजून कल्ले हलवत असेल.